शब्द तोच, शेपूट निराळे

मंडळी, इंग्रजी शब्द आपल्या गावात केव्हाच येऊन राहिले आहेत. तिकीट, बँक, फॉर्म, ड्रायव्हर हे शब्द आपण रोज बोलतो. इंग्रजी शिकलो नाही तरी ते आपल्याला कळतात. पण त्याच शब्दाला निराळे शेपूट लागले की आपण अडखळतो. ही शेपटे मोजकीच आहेत. ती ओळखायला शिकू या.

आधी आपली मराठी बघा. 'घर' हा मूळ शब्द. त्याचे घरात, घराला, घराचे असे होते. मूळ शब्दाला शेवटी जो तुकडा जोडतो, त्याला प्रत्यय म्हणतात. इंग्रजीतही तसेच प्रत्यय आहेत.

'वॉक' म्हणजे चालणे. नियमाने चालणाऱ्या अशा क्रियापदाची इंग्रजीत चारच रूपे होतात : वॉक, वॉक्स, वॉकिंग, वॉक्ड. बस्स, संपले! मराठीत तो चालला, ती चालली, ते चालले, मी चाललो अशी रूपे बदलत जातात. इंग्रजीत बाप्या चालला तरी 'वॉक्ड' आणि बाई चालली तरी 'वॉक्ड'.

आता एकेक शेपूट पाहू.

एस. हे अक्षर वस्तूच्या नावाला लागले की एकाचे अनेक होतात. एक टिकिट, पुष्कळ टिकिट्स. आपण त्याला मराठी वळण देऊन तिकिटे म्हणतो. हेच अक्षर क्रियापदाला लागले तर तो किंवा ती करते असा अर्थ होतो. 'शी वॉक्स' म्हणजे ती चालते.

आय, एन, जी. उच्चार 'इंग'. काम चालू आहे असे हे सांगते. कधी ते कामाचेच नाव होते. पार्किंग, बुकिंग हे शब्द असेच झाले.

ई, आर. पुष्कळदा याचा अर्थ करणारा. टीच म्हणजे शिकवणे, टीचर म्हणजे शिकवणारा. पेंट म्हणजे रंग देणे, पेंटर म्हणजे रंगारी.

ई, डी. काम झाले, उरकले. हे शेपूट सर्वांत महत्त्वाचे. मूळ शब्दाच्या शेवटी ई असेलच, तर नुसते डी लागते. क्लोज म्हणजे बंद करणे, क्लोज्ड म्हणजे बंद केलेले. खिडकीवर ही पाटी दिसली तर रांगेत उभे राहू नये.

ई, डी यांचा उच्चार तीन तऱ्हांनी होतो. 'वॉक्ड' बोलताना शेवटी ट ऐकू येतो. 'क्लोज्ड' मध्ये ड ऐकू येतो. 'क्रेडिटेड' मध्ये 'इड' असा सबंध तुकडा ऐकू येतो. लिहिताना मात्र अक्षरे तीच.

हे सगळे कशाला शिकायचे? पैशासाठी, बरं का! समजा, तुम्ही बाजारात शेळी विकली. गिऱ्हाईक म्हणते, "पैसे फोनवरून टाकले." फोनवर निरोप येतो. त्यात 'क्रेडिटेड' असेल तर अर्थ : जमा झाले. पण त्याच्या आधी 'विल बी' असेल तर अर्थ : जमा होणार, अजून झाले नाहीत. 'नॉट' असेल तर अर्थ उलटाच झाला. शिवाय निरोप खोटाही असू शकतो. म्हणून खात्यातली शिल्लक पाहावी. तोवर शेळीची दोरी हातातून सोडू नये.

'डेबिटेड' म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेले. तुम्ही खर्च केला नसेल तर उशीर करू नका. लगेच बँकेला कळवा. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर फोन करा.

अर्जाचेही तसेच. अर्जावर 'रिसीव्ड' असा शिक्का असला, तर अर्ज पोचला एवढेच. मंजूर झाला तर 'अप्रूव्ड' किंवा 'सँक्शन्ड' लिहितात. नामंजूर झाला तर 'रिजेक्टेड'. चारही शब्दांचे शेपूट एकच आहे. म्हणून शेपटाबरोबर मूळ शब्दही नीट वाचावा.

एक सावधगिरी सांगतो. ई, डी दिसले की ते शेपूटच, असे समजू नये. 'बेड' म्हणजे खाट. तिथे शेपूट नाही. शिवाय काही शब्द नियम पाळत नाहीत. 'गो' म्हणजे जाणे, पण गेला म्हणजे 'वेंट'. असे शब्द पाठच करावे लागतात. शाळेत आम्ही मुलांना सांगत असू, की आधी नियमाचे शब्द पक्के करा, मग आडमुठ्यांकडे वळा. तुम्हालाही आमचे सांगणे तेच आहे.

वाचा आणि सांगा

१. 'प्रिंट' म्हणजे छापणे. तर 'प्रिंटेड' म्हणजे काय? 'प्रिंटर' म्हणजे काय?

२. 'विल बी डेबिटेड' याचा अर्थ काय? पैसे गेले, की जाणार आहेत?

३. अर्जावर 'रिसीव्ड' असा शिक्का आहे. अर्ज मंजूर झाला का?