घडी न मोडलेल्या साड्या

पूर्वी दिवाळीला आणि आता मार्चअखेरीस व्यापारी घरांत मालाची मोजदाद होते. कोणता माल फिरला, कोणता वर्षभर फळीवर पडून राहिला, कशात किती भांडवल अडकले, हे पाहिल्याशिवाय नवी वही सुरू होत नाही. त्याच घराच्या आतल्या खोलीत मात्र एक कपाट असे असते, ज्याची मोजदाद लग्नापासून एकदाही झालेली नसते. चिंचवड, निगडी, भोसरी किंवा चाकण येथील एखाद्या जैन कुटुंबातील पस्तिशीच्या सुनेचे ते कपाट उघडावे, तर फळ्या साड्यांच्या भाराने वाकलेल्या दिसतात. आणि तरीही सकाळी नऊ वाजता ती त्याच कपाटासमोर उभी राहून म्हणते, ‘घालायला काही नाही.’ घरातील पुरुष या वाक्यावर हसतात. हसण्याचे कारण नाही, कारण ते वाक्य बहुधा खरे असते.

त्या साड्यांपैकी तिने स्वतः निवडलेल्या किती, हा पहिला प्रश्न आहे. काही लग्नाच्या, सासरच्या व माहेरच्या मोठ्यांनी पसंत केलेल्या. काही साखरपुड्यांतील, मायऱ्यातील, डोहाळजेवणातील, वास्तुशांतीच्या. काही अठ्ठाई किंवा वर्षीतपाच्या पारण्यानिमित्त आलेल्या. कापडाच्या दुकानांत ‘देण्याघेण्याच्या साड्या’ असा वेगळा गठ्ठाच असतो. ती साडी नेसण्यासाठी घेतली जात नाही, देण्यासाठी घेतली जाते. घेणारीही ती नेसण्यासाठी ठेवत नाही, पुढे देण्यासाठी ठेवते. अशा प्रवासात एखादी साडी घडी न मोडता मूळ घरी परत आल्याच्या गमती प्रत्येक कुटुंबात सांगितल्या जातात. दुकानात असा माल आढळला असता, तर मालकाने तो केव्हाच घटवून काढला असता.

तिशीनंतर हा प्रश्न तीव्र होतो, त्याला कारण आहे. लग्नात घेतलेले कपडे तेवीस-चोवीस वर्षांच्या नववधूसाठी असतात: तिच्या त्या वेळच्या अंगासाठी आणि तिच्या त्या वेळच्या दिवसासाठी. दहा-बारा वर्षांनी दोन्ही बदललेले असतात. मुले शाळेत जातात, सासरे थकतात, आणि जीएसटीची विवरणपत्रे, मागण्यांची नोंद, उधारीचा तगादा हे हळूहळू तिच्याकडे येते. ती गल्ल्यावर बसते. कोणी चाकणच्या कारखान्यांना पॅकिंगचे साहित्य पुरविण्याचा व्यवसाय सुरू करते. दुकानात आलेला कंपनीचा प्रतिनिधी मात्र तिलाच विचारतो, ‘वहिनी, शेठ आहेत का?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ पोशाखाने देता येत नाही, हे खरे. परंतु जिचा एक हात सतत पदर सावरण्यात गुंतलेला आहे, तिला शिडीवर चढून वरच्या फळीवरील खोके काढता येत नाही आणि गोदामात वजनकाट्याशेजारी उभे राहून माल मोजून घेता येत नाही.

बाजार तिला फारशी मदत करत नाही. एका बाजूला महाविद्यालयीन मुलींचे कपडे, दुसऱ्या बाजूला ‘मोठ्या बायकांचे’. मधल्या वयाला काय शोभते, हे सांगणारा कोणी नाही. घरात ‘आपल्याकडे असे घालत नाहीत’ हे ठरलेले उत्तर असते. परंतु आपल्याकडे काय घालतात, हे पिढीगणिक बदललेले आहे. मारवाडातून महाराष्ट्रात आलेल्या पणज्यांचा वेष घागरा-ओढणीचा होता. त्यांच्या सुनांनी साडी स्वीकारली. पदर मात्र उजव्या खांद्यावर ठेवला. पुढच्या पिढीत अनेकींचा पदर भोवतालच्या मराठी स्त्रियांप्रमाणे डाव्या खांद्यावर गेला. त्यानंतर पंजाबी ड्रेस आला, प्रथम केवळ प्रवासापुरता, मग माहेरी आणि शेवटी सासरीही. खुद्द मराठी घरांतही नऊवारीची पाचवारी होताना कुरबुर झालीच होती. आज जिला परंपरा म्हणतात, तिच्यावर एके काळी कोणा सासूबाईंनी नाक मुरडलेले असते.

तेव्हा सुरुवात खरेदीने करू नये, मोजदादीने करावी. दोन महिने एका वहीत रोज काय घातले, एवढेच लिहावे. व्यापारी घरातील स्त्रीला हे जड नाही. दोन महिन्यांनी दिसते की सारा संसार आठ-दहा कपड्यांवर चाललेला आहे आणि उरलेले कपाट जागा अडवून बसले आहे. मग किमतीकडेही निराळ्या दृष्टीने पाहता येते. बारा हजारांची साडी दोनदा नेसली गेली, तर प्रत्येक वेळेचा खर्च सहा हजार रुपये पडला; नऊशे रुपयांचा सुती कुर्ता साठ वेळा घातला, तर प्रत्येक वेळेचे पंधरा रुपये. ‘महाग’ कोणते, हे घडीवरील चिठ्ठी पाहून ठरत नाही. रोजच्या वापरातील कपड्यावर हात आखडता घ्यायचा आणि वर्षातून एकदा नेसायच्या साडीवर सढळ खर्च करायचा, ही आपल्या घरांतील रीत उलटी आहे.

मोजण्याची ही कल्पना जैन कुटुंबाला परकी नाही. ‘उपासकदशांग’ सूत्रातील आनंद श्रावक वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ होता. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्याजाने लावलेले आणि चार कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात, अशी त्याच्या संपत्तीची मांडणी सूत्रात आहे. आजच्या लेखापालालाही ती समजेल. भगवान महावीरांकडे व्रते घेताना त्याने वस्त्रांचीही मर्यादा केली आणि क्षौमवस्त्रांची एक जोडी ठेवून इतर वस्त्रप्रकारांचा त्याग केला. त्याची पत्नी शिवानंदा हिनेही श्राविकेची व्रते घेतली. तिने वस्त्रांची मर्यादा किती ठेवली, याचा तपशील मात्र सूत्र देत नाही. पतीच्या आकड्यावरून पत्नीचा आकडा काढता येत नाही. तो तिचा तिनेच ठरवायचा. आजही अनेक घरांत सकाळी चौदा नियम धारले जातात आणि त्यांत वस्त्र हा एक नियम आहे: आज इतकी वस्त्रे वापरीन, अधिक नाही. हा नियम रोज पाळणाऱ्या घरातच कपाट ओसंडून वाहते, ही विसंगती कोणाच्या फारशी ध्यानात येत नाही.

रेशमाचा विचार याच ओघात करावा लागतो. कोशातील किडा वाफेने किंवा उष्णतेने मारल्यावरच अखंड धागा निघतो. तो बाहेर पडला तर कोश फुटतो आणि धागा तुटतो. एका साडीसाठी असे हजारो कोश लागतात. पैठणी असो वा कांजीवरम, शुद्ध रेशमाची ही वस्तुस्थिती टाळता येत नाही. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात ती कशी चालते, हे आता सुनाच विचारू लागल्या आहेत आणि त्यांचा प्रश्न योग्य आहे. आंध्र प्रदेशातील हातमाग क्षेत्रात काम केलेले कुसुमा राजय्या यांनी किडा बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून ‘अहिंसा सिल्क’ तयार केले. हा धागा कातावा लागतो, त्यामुळे पोत किंचित जाड आणि चमक मंद असते. तिशीनंतरच्या स्त्रीला ही मंद चमक अधिक शोभते, असे म्हणण्यास हरकत नाही. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी सुती इरकल, सुती नारायणपेठ, मंगळगिरी आहेत. माहेश्वरी आणि चंदेरीत मात्र बहुधा सुताबरोबर रेशीम असते, विचारून घ्यावे.

तिशीनंतर साडी अंगाला होते, ब्लाउज होत नाही. पुष्कळ साड्या केवळ याच कारणाने पडून असतात. चांगला शिंपी ब्लाउजला आत इंचभर तरी माया ठेवतो. प्रथम ती उसवून पाहावी. माया नसेल, तर काखेखाली जोड देता येतो. जुळणाऱ्याच रंगाचा ब्लाउज हवा हा हट्ट सोडला, तर काळा, मरून आणि मोतिया अशा तीन साध्या ब्लाउजांवर दहा साड्या पुन्हा वापरात येतात. मंगळसूत्र आणि कानातले तेच राहिले तरी बाह्यांची लांबी व गळा बदलताच जुनी साडी नवी दिसते. अंग लपविण्यासाठी ढगळ शिवून घेणे हा सर्वांत वाईट उपाय; ढगळ कपड्यात बाई अधिक थोराड दिसते.

कामाच्या पोशाखाला या पट्ट्यात काही निराळे नियम आहेत. घरोघरी स्कूटर आहे. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे आवरण दुचाकीला असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील १२३ व्या नियमात आहे. तरी मोकळी ओढणी वाऱ्यावर सोडून चालविणाऱ्या स्त्रिया पुणे-नाशिक रस्त्यावर रोज दिसतात. चाकणच्या कारखान्यात यंत्रांजवळ जायचे, तर ओढणी नकोच. गुडघ्यापर्यंतचा सरळ सुती कुर्ता, घोट्याशी अरुंद पँट, बंद बूट, तेही विनाचामड्याचे, हा वेष कोणत्याही बैठकीत आणि संध्याकाळी स्थानकात महाराजसाहेबांच्या दर्शनालाही चालतो. असे चार-पाच जोड उत्तम कापडाचे शिवून घ्यावेत. कराचा भागही ध्यानात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरील किमतीच्या तयार कपड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. कापडावर, म्हणून साडीवरही, किंमत कितीही असली तरी ५ टक्केच. चांगले कापड घेऊन शिंप्याकडे जाणे त्यामुळेही परवडते.

कापडासाठी पिंपरी कॅम्पची बाजारपेठ पुरेशी आहे. लक्ष्मी रस्त्याचा मोह असेल, तर २९ सप्टेंबर २०२४ पासून पिंपरीहून मेट्रोने थेट मंडईला उतरता येते. गाडी लावण्याची चिंता नाही, आणि पिशव्या हातांनी वाहायच्या असल्यामुळे खरेदीही आपोआप आटोक्यात राहते.

उरलेल्या साड्यांचे काय करावे? जुन्या काळी बोहारीण दारावर येत असे आणि साड्यांच्या बदल्यात पातेले देऊन जाई. त्या भांडणातही तोल होता; घर रिकामे होई. आता घडी न मोडलेल्या साड्या घरकामाला येणाऱ्या बाईला, तिच्या मुलीच्या लग्नाला, विचारून द्याव्यात. फाटके तेवढे तिच्या गळ्यात घालू नये. खऱ्या जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळून, वर्षातून दोनदा घडी बदलून ठेवाव्यात, नाही तर जर घडीवरच तुटते. आवक थांबविणे मात्र कुटुंबाच्या हाती आहे. काही घरांनी लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापून तो प्रश्न सोडविला आहे. ज्यांना हे धाडस होत नाही, त्यांनी निदान साडीऐवजी पाकीट द्यावे. सुनेला स्वतःच्या पसंतीने खरेदी करता येईल.

हे सारे करण्यास चातुर्मास सोयीचा. त्या महिन्यांत लग्ने नसतात, शिंप्याचे यंत्र रिकामे असते आणि उसवण्या-जोडण्याचे किरकोळ काम तो मनापासून करतो. तुळशीच्या लग्नानंतर तोच शिंपी एका ब्लाउजसाठी महिन्यानंतरची तारीख देतो.