सरकारचा बाजार आणि आपली कापडी पिशवी



गेल्या हिवाळ्यात माण तालुक्यातल्या आपल्या एका गटाला एका सरकारी कार्यालयातून फोन आला. प्रशिक्षणासाठी दोनशे पिशव्या हव्यात, दर कळवा. ताईंनी दोन दिवसांत नमुना शिवला. जाड मांजरपाट, बंदाला दुहेरी टीप. दर लावला ३५ रुपये. पुढे काही फोन आला नाही. महिन्याभराने त्याच प्रशिक्षणाला आपल्याच चौघीजणी गेल्या, तर त्यांच्या हातात हिरवी, मऊ, कापडासारखी दिसणारी पिशवी पडली. तिच्यावर छापलं होतं, ‘प्लास्टिक टाळा, वसुंधरा वाचवा’. विचारलं तर साहेब म्हणाले, "ताई, ही १४ रुपयांत पडली. तुमची ३५ ला. आम्हाला कमी दराचीच घ्यावी लागते."

नंतरच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका काकूंनी मला विचारलं, "सरकार बी आपल्यासारखा बाजार करतं व्हय गं? मग दर सोडून दुसरं काय बघतच न्हाई का?" मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या हिरव्या पिशवीचं बघू. तिला नॉन-वोव्हन पिशवी म्हणतात. ती कापड नाही. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे खताचं पोतं ज्याचं बनतं त्याच प्लास्टिकची. कायद्यातही ती प्लास्टिक म्हणूनच मोजली जाते. खात्री करायची असेल तर अंगणात, सांभाळून, तिची एक बारीक चिंधी काडीनं पेटवून बघा. सुती धागा जळला की राख होते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो. ही मात्र आक्रसते, वितळते आणि तिची कडक गाठ होते. हात लावू नका, भाजतं. कागदी कपाचंही तसंच. बाहेरून कागद, पण चहा झिरपू नये म्हणून आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचा पातळ थर असतो. आणि प्रत्येक सरकारी कार्यक्रमाला मागे लागणारा फ्लेक्स तर सरळ प्लास्टिकच.

तर त्या साहेबांनी मुद्दाम खोटेपणा केला असं मला वाटत नाही. त्यांच्या कागदावर फक्त एवढंच लिहिलेलं असणार: ‘पिशवी, छपाईसह, २०० नग’. सगळी गोम इथं आहे.

सरकारी खरेदी अशी चालते. आधी कार्यालय काय हवंय ते लिहितं. त्याला तपशील किंवा स्पेसिफिकेशन म्हणतात. छोटी खरेदी असेल तर दरपत्रकं मागवतात, मोठी असेल तर ई-निविदा काढतात. तपशिलात बसणाऱ्या वस्तूंमध्ये ज्याचा दर कमी, त्याला काम. म्हणजे दराची स्पर्धा सुरू होण्याआधीच, तपशील लिहिताना, अर्धा निकाल लागलेला असतो. नुसतं ‘पिशवी’ लिहिलं तर प्लास्टिक जिंकणार. तेच ‘१०० टक्के सुती कापडाची, १४ बाय १६ इंच, बंदाला दुहेरी शिलाई, ५ किलो वजन पेलणारी’ असं लिहिलं, की नॉन-वोव्हन पिशवी शर्यतीतच येत नाही. मग सुती पिशवी शिवणाऱ्यांमध्ये खुशाल स्पर्धा होऊ दे. यालाच हरित खरेदी किंवा पर्यावरणपूरक खरेदी म्हणतात. नाव मोठं आहे, पण काम त्या एका ओळीत आहे.

सरकार एवढं मोठं गिऱ्हाईक आहे की त्यानं मागणी बदलली की बाजार बदलतो. एलईडी बल्ब आठवा. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची उजाला योजना आली. त्याच्या आधी, २०१४ च्या सुरुवातीला, सरकारी कंपनीला एक बल्ब सुमारे ३१० रुपयांना पडत होता. एकगठ्ठा खरेदी करत गेल्यावर २०१६ पर्यंत तोच दर ४० रुपयांच्या खाली आला. मग दुकानातही स्वस्त झाला आणि आपल्या घरातला पिवळा बल्ब गेला. म्हणून कुणी ‘पर्यावरणाचं महाग पडतं’ म्हटलं तर ही गोष्ट सांगा. कुणीच घेत नाही तोवर ते महाग असतं.

वाईट वाटतं ते याचं, की नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली. केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आणली. पर्यावरणाला जपणाऱ्या मालासाठी इकोमार्क ही खूण १९९१ पासून आहे. तिचं चिन्ह माहीत आहे का? मातीचं मडकं! मातीतून येतं आणि मातीत जातं म्हणून. दिल्लीतल्या लोकांना खूण शोधायची होती, तर शेवटी त्यांना कुंभाराच्याच दारात यावं लागलं.

आपला सातारा जिल्हा तर स्वच्छतेत देशात गाजलेला. एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात कराड पहिलं आलं, २०२२ ला पाचगणी पहिली आली. आपल्याला अभिमान आहेच. पण स्वच्छता कचरा झाल्यावर सुरू होते, आणि खरेदी कचरा होण्याआधी. वारी लोणंद, तरडगाव, फलटणवरून पुढं जाते तेव्हा मागं शेतात काय राहतं ते तिथल्या बायकांना विचारा. पानाची पत्रावळ मातीत मिसळते, थर्माकोलची पुढच्या नांगरटीला वर येते. सांगलीकडच्या मैत्रिणींनी २०१९ चा पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडाझुडपांवर काय लोंबत होतं ते बघितलं आहे. तो कचरा उचलायचा, जाळायचा, गटारं उपसायची, हा खर्च १४ रुपयांच्या बिलात कुठंच दिसत नाही. तो वेगळ्या खात्यात पडतो, नाहीतर आपल्या गुरांच्या पोटात.

हा पूर्ण खर्च कसा मोजायचा, त्याचा एक हिशेब करून बघू. समजा ग्रामपंचायतीत वर्षाला १२ कार्यक्रम होतात, प्रत्येकी १०० माणसं जेवतात. म्हणजे १,२०० फेकायच्या ताटल्या. ४ रुपयांप्रमाणे वर्षाला ४,८०० आणि पाच वर्षांत २४,०००. आता स्टीलची १०० ताटं १२० रुपयांप्रमाणे १२,००० ला घेतली. धुवायला एका गटाला ताटामागं २ रुपये दिले, तर वर्षाला २,४०० आणि पाच वर्षांत १२,०००. एकूण २४,०००. दोन्हीकडं खर्च सारखाच! फरक एवढाच की दुसऱ्या हिशेबात निम्मे पैसे गावातल्या बायकांच्या हातात आले, कचरा शून्य, आणि पाच वर्षांनी ताटं जागेवर आहेत. लग्नाकार्याला भाड्यानं दिली तर ते वेगळंच. आपापल्या गावचे दर घालून हा हिशेब करा आणि सरपंचांपुढं ठेवा. आकडा बोलतो तेवढं भाषण बोलत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

अटींकडं डोळ्यांत तेल घालून बघायला लागतं, हे बचत गटांनी आधी भोगलेलं आहे. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, शक्यतो बचत गट आणि महिला मंडळांनाच काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सांगितलं होतं. तरी आपल्या राज्यात २०१६ च्या निविदेत अशा अटी आल्या की लहान गटांना दारातूनच परत फिरावं लागलं. एक महिला बचत गट न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती निविदा प्रक्रिया रद्द केली. काम ‘गटांसाठी’ असं वर लिहिलेलं असतं, पण खाली उलाढालीची अट काय घातली आहे ते वाचायला हवं.

थोडं आपल्याकडंही बघू. बाहेरून घाऊक माल आणून आपल्या नावाचा शिक्का मारणं, तारीख चुकवणं, कच्चा रंग वापरणं, हे आपल्याही काही गटांकडून झालं आहे. एकदा असं झालं की ते कार्यालय पुढची पाच वर्षं कुठल्याच गटाला विचारत नाही. दोनशे पिशव्या एका गटाला जड जातात, म्हणून ऑर्डर ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या नावावर घ्यावी आणि गटांत वाटावी. उद्यम नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. केंद्र सरकारच्या कार्यालयांनी आणि कंपन्यांनी खरेदीतला ३ टक्के वाटा महिलांच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा असं धोरण आहे. ही नोंदणी नसेल तर त्यात आपण मोजल्याच जात नाही. जेम हा सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार आहे, तिथं गटांच्या मालाचा वेगळा विभागही आहे. पण खरं सांगते, सुरुवात तिथून करू नका. मोबाईलवर अडकून बसाल.

सुरुवात गावातून करा. २०२४ मध्ये शाळेच्या गणवेशाचं शिलाईकाम महिला गटांकडं आलं होतं, पण कापड सगळं राज्यावरून यायचं, ते वेळेवर आलं नाही. डिसेंबरमध्ये निर्णय फिरला आणि गणवेशाची खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आली. म्हणजे आपल्या गावात आली. त्या समितीत आपल्यातल्याच काहीजणी आहेत. ग्रामपंचायतीचंही तसंच. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, आणि तिथं हा ठराव मांडता येतो:

‘ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमांसाठी एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक, थर्माकोल, नॉन-वोव्हन पिशव्या व फ्लेक्स खरेदी करू नयेत. दरपत्रक मागवताना वस्तू कापड, धातू, माती किंवा पानांची असावी असा स्पष्ट तपशील लिहावा. गावातील नोंदणीकृत महिला समूहांकडूनही दरपत्रक मागवावे.’

‘कडूनही’ असंच लिहा, ‘कडूनच’ नको. ‘च’ घातला की दुसऱ्यांना संधी दिली नाही म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि ठराव तिथंच अडकतो. आपल्याला सवलत नको आहे, दारातून आत यायचं आहे. ठराव झाला की त्याची नक्कल ग्रामपंचायतीकडून मागून घ्या आणि ग्रामसंघाच्या फाईलला लावा.

माणच्या ताईंनी तो ३५ रुपयांचा नमुना जपून ठेवला आहे. आता त्याला एक कागद टाचला आहे. त्यावर कापड, माप, शिलाई आणि किती वजन पेलते ते लिहिलं आहे. पुढच्या आठवड्यात त्याच कार्यालयात आम्ही दोघी जाणार आहोत. दर द्यायला नाही, तपशिलात काय लिहायचं ते सांगायला.