दुसऱ्याच्या वेबसाइटवर तुमचं विजेट : लिंक मिळते, पण नाव जपा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बॅकलिंक म्हणजे काय ते बघितलं. शेवटी मी जाता जाता विजेटचा उल्लेख केला होता. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला : "सर, फुकटचं विजेट वाटून शंभर लिंक मिळतात म्हणतात, खरं का?"

खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे माझ्या बॅचमधला एक जण चांगलाच अडकला होता. म्हणून हा विषय इथे सविस्तर लिहितोय. शांतपणे वाचा.

विजेट म्हणजे नेमकं काय?

तुमच्या दुकानाच्या वेबसाइटवर गूगल मॅप लावलाय? यूट्यूबचा व्हिडिओ लावलाय? मग तुम्ही विजेट वापरलंय. तिथून चार ओळींचा कोड कॉपी केला, आपल्या पानात पेस्ट केला आणि नकाशा दिसायला लागला. नकाशा गूगलचा, पान तुमचं. यालाच एम्बेड करणं म्हणतात.

यूट्यूब २००५ साली सुरू झालं. तेव्हा लोक व्हिडिओ बघायला यूट्यूबवर जायचेच, पण तोच व्हिडिओ आपापल्या पानांवरही लावायचे. प्रत्येक पान म्हणजे यूट्यूबची फुकटची शाखाच झाली. पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरला घेतली. वाढीची कारणं बरीच होती, पण "कॉपी करा, पेस्ट करा" ही सोय त्यातलं एक मोठं कारण होतं.

आपल्यासारख्या छोट्या धंद्याला यातून एवढंच शिकायचं : आपल्या कामाची एखादी छोटी, उपयोगी वस्तू बनवायची आणि दुसऱ्यांना त्यांच्या वेबसाइटवर लावायला द्यायची. खाली बारीक अक्षरात आपलं नाव आणि लिंक.

लिंकला एवढी किंमत का?

मुलीसाठी स्थळ बघताना आपण काय करतो? चार ठिकाणी चौकशी करतो. मुलाने स्वतःबद्दल काय सांगितलं यापेक्षा त्याच्या गावातले जाणते लोक काय सांगतात त्याला वजन असतं. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल उभं केलं ते याच विचारावर. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली म्हणजे शिफारस केली. वजनदार पानाची शिफारस जास्त मोलाची.

पण शिफारसीला किंमत कधी असते? ती देणाऱ्याने स्वतःहून दिली तर. दुसऱ्याच्या लेटरहेडवर आपणच आपलं शिफारसपत्र लिहिलं, तर ती शिफारस नाही, फसवणूक आहे. विजेटचा सगळा घोळ इथेच होतो.

हवामानाच्या डब्याची गोष्ट

माझ्या बॅचमधला हा मित्र कोकण सहलींचा व्यवसाय करतो. एका एजन्सीने त्याला १८,००० रुपयांत "विजेट पॅकेज" विकलं. हवामान दाखवणारा छोटा डबा, कोणीही आपल्या वेबसाइटवर फुकट लावायचा. डब्याखाली लिंक होती, तिच्यावर कंपनीचं नाव नव्हतं, "स्वस्त कोकण टूर पॅकेज" असे शब्द होते. डबा ओळखीपाळखीने शाळा, पतसंस्था, छोटी हॉटेलं अशा सत्तरेक ठिकाणी लागला. दोन महिने सगळे खूश.

मग एके दिवशी तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "अहो, तुमच्या हवामानाच्या डब्याखाली पैसे लावून रमी खेळायची लिंक दिसतेय. पालक विचारतायत. काय उत्तर देऊ?"

झालं असं होतं, की डब्याचा कोड एजन्सीच्या सर्व्हरवरून चालत होता. तिथे एक ओळ बदलली की सत्तर वेबसाइटवर एकदम बदल. एजन्सीने तीच जागा परस्पर दुसऱ्याला विकली होती. मित्राला पत्ताच नाही!

एवढ्यावर भागलं नाही. पुढच्या आठवड्यात गूगल सर्च कन्सोलमध्ये नोटीस आली : तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक अनैसर्गिक आहेत. यालाच मॅन्युअल ॲक्शन म्हणतात. ऐन मे महिन्याच्या तोंडावर त्याची पानं सर्चमध्ये खाली गेली. त्याने सत्तर ठिकाणी फोन केले, मेल केले, डबे काढून घ्यायची विनंती केली. काहींच्या वेबसाइट बनवणारा माणूस गाव सोडून गेलेला, पासवर्ड कोणाकडेच नाही. जिथल्या लिंक निघाल्या नाहीत त्यांची यादी डिसअवाऊ टूलमधून गूगलला दिली, पुनर्विचाराचा अर्ज केला. सगळं निस्तरायला चार महिने गेले. हंगाम गेला तो गेलाच.

तो मला म्हणाला, "सर, पैशांचं सोडा. त्या शाळेत माझी मुलगी शिकते."

गूगल काय म्हणतं?

हे काही गुपित नाही. गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्ट लिहिलंय, की विजेटमध्ये घुसवलेल्या कीवर्डभरल्या, लपवलेल्या किंवा निकृष्ट लिंक हा लिंक स्पॅम आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी यावर वेगळी आठवणही दिली होती. उपाय त्यांनीच सांगितलाय : विजेटमधल्या लिंकला नोफॉलो लावा, नाहीतर ती लिंक काढून टाका.

नोफॉलो म्हणजे लिंकच्या कोडमध्ये टाकायची एक खूण. ही सोय २००५ पासून आहे. तिचा अर्थ : "ही लिंक आहे, पण हिला शिफारस समजू नका." माणसाने क्लिक केलं तर तो तुमच्याकडे येतोच.

आता तुम्ही म्हणाल, "मग शिफारसच मोजणार नसतील तर एवढा खटाटोप कशाला?"

तीन कारणांसाठी. एक, तिथून खरा ग्राहक येतो. दोन, गरजेच्या क्षणी त्याच्या डोळ्यासमोर तुमचं नाव असतं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं : विजेट कामाचं असेल तर लोक त्याबद्दल लिहितात, आणि लिहिताना तुमच्या मूळ पानाची लिंक स्वतःहून देतात. ती असते खरी शिफारस.

एक उदाहरण घेऊन बनवू या

समजा, तुमचा सांगली-मिरज भागात छतावर सोलर बसवायचा व्यवसाय आहे. प्रत्येक ग्राहकाचे प्रश्न ठरलेले : "मला किती किलोवॅटचं लागेल? जागा किती? सबसिडी किती?" हाच तुमच्या विजेटचा विषय.

हिशोब सोपा आहे. १ किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडे सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देते, म्हणजे महिन्याला साधारण १२०. बिलावर ३०० युनिट असतील तर ३०० भागिले १२०, म्हणजे अडीच. म्हणजे ३ किलोवॅट बघायचं. १ किलोवॅटला अंदाजे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा धरली, तर ३०० चौरस फूट. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हा घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अशी केंद्राची सबसिडी ठरली.

ग्राहकाने फक्त महिन्याचे युनिट टाकायचे. खाली तीन उत्तरं, मराठीत. बस्स! उद्या सबसिडीचे दर बदलले तर तुम्ही तुमच्याकडे एकदा बदलायचं, सगळीकडे नवा आकडा दिसेल. लावणाऱ्याला हात लावावा लागत नाही, म्हणून त्याला ते ठेवावंसं वाटतं.

बनवताना या गोष्टी सांभाळा

*१. आधी स्वतःचं पान.* हा कॅल्क्युलेटर आधी तुमच्या वेबसाइटच्या एका पानावर ठेवा, खाली हिशोब कसा केला ते समजावून सांगा. लोक लिंक देतील ती याच पानाला.

*२. आयफ्रेम वापरा.* आयफ्रेम म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीत बसवलेली खिडकी, पण खिडकीतून दिसतं ते तुमचं घर. तुमचा कोड त्यांच्या बाकीच्या पानात लुडबुड करू शकत नाही. थेट स्क्रिप्ट दिली तर ती त्यांच्या पानात काहीही बदलू शकते, म्हणून शहाणा माणूस ती लावायला कचरतो.

*३. नावाची ओळख उघड ठेवा.* खिडकीच्या आतली लिंक ही तुमच्याच घरातून तुमच्याच घरात जाते. म्हणून बरेच जण खिडकीबाहेर, कॉपी करायच्या कोडमध्येच एक ओळ देतात. तिथे "स्वस्त सोलर सांगली" लिहू नका. धंद्याचं नाव लिहा, नोफॉलो लावा, आणि लावणाऱ्याला सांगा की ही ओळ नको असेल तर काढा. लक्षात घ्या, ही ओळ एकदा दुसऱ्याच्या पानात पेस्ट झाली की तुम्हाला ती बदलता येत नाही. सुटलेला बाण आहे तो.

*४. किल्ली तुमच्या हातात.* डोमेन तुमच्या नावावर, होस्टिंग तुमच्या नावावर, पासवर्ड तुमच्याकडे. काम दुसऱ्याकडून करून घ्या, मालकी देऊ नका. माझ्या मित्राची चूक नेमकी हीच होती.

*५. हलकं ठेवा.* विजेटमुळे त्यांचं पान हळू उघडलं तर आठवड्यात निघेल. मोबाइलवर तपासा. तुमच्या साइटला एचटीटीपीएस हवंच, नाहीतर ब्राउझर डबा दाखवणारच नाही. आणि तुमचं होस्टिंग बंद पडलं तर दुसऱ्याच्या पानावर रिकामी चौकट दिसते, तेव्हा रिन्यूअलची तारीख विसरू नका.

*६. फोन नंबर मागू नका.* उत्तर बघायच्या आधीच नंबर मागितला की माणूस पळतो. शिवाय दुसऱ्याच्या वेबसाइटवर बसून तिथल्या लोकांची माहिती गोळा करणं बरोबर नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीवरच उभा आहे.

कोणाकडे जायचं?

सत्तर ठिकाणं नकोत, सात पुरेत. सोलरसाठी कर्ज देणारी पतसंस्था, इलेक्ट्रिक सामानाचा दुकानदार, घरं बांधणारा कॉन्ट्रॅक्टर, वीज बिलाच्या बातम्या देणारं स्थानिक न्यूज पोर्टल. निकष एकच : त्यांच्या वाचकाला हा प्रश्न पडतो का? शाळेच्या वेबसाइटवर हवामानाचा डबा कोणी मागितला होता?

मेसेज असा साधा पाठवा :

"नमस्कार साहेब. तुमच्या पतसंस्थेच्या वेबसाइटवर सोलर कर्जाची माहिती वाचली. सभासदांना किती किलोवॅट लागेल हे काढून देणारा मराठी कॅल्क्युलेटर आम्ही बनवलाय. तुमच्या पानावर लावायचा असेल तर मोफत आहे. खाली आमचं नाव येतं, नको असेल तर काढता येतं. आधी वापरून बघा, मग ठरवा."

लिंकच्या शेवटी यूटीएम टॅग लावा, म्हणजे कुठल्या वेबसाइटवरून किती लोक आले ते ॲनालिटिक्समध्ये वेगळं दिसेल. तीन महिन्यांनी बघा. जिथून कोणीच येत नाही, तिथे फोन करून विचारा की काय अडतंय.

सगळ्यांनाच विजेट लागतं का?

नाही. तुमचं घरगुती डब्यांचं काम असेल आणि ग्राहक तीन किलोमीटरच्या आतले असतील, तर आधी गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा, फोटो टाका, रिव्ह्यू मागा. ज्या धंद्यात ग्राहकाला खरेदीआधी काही मोजायचं, जुळवायचं किंवा ठरवायचं असतं, तिथे विजेट चालतं. फर्निचर, टाइल्स, रंगकाम, ठिबक सिंचन, कॅटरिंग. पन्नास माणसांच्या जेवणाला तांदूळ किती, हा प्रश्नसुद्धा विजेट होऊ शकतो!

या आठवड्याचा गृहपाठ

ग्राहक तुम्हाला फोनवर पुन्हा पुन्हा विचारतात असे पाच प्रश्न वहीत लिहा. त्यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येतं, त्यावर खूण करा. मग एकच प्रश्न निवडा आणि त्याचा हिशोब कागदावर मांडा. कोडचं नंतर बघू.

आणि कोणी "शंभर लिंकची गॅरंटी" घेऊन आलं, तर त्याला दोनच प्रश्न विचारा : लिंकवर शब्द कुठले असतील, आणि कोड कोणाच्या सर्व्हरवरून चालेल? उत्तर देताना तो अडखळला, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसऱ्याने आपल्या वेबसाइटवर आपल्याला जागा दिली, म्हणजे आपल्या घरात पाटावर बसवलं. तिथे कसं वागायचं ते आपल्याला वेगळं शिकवायला नको. भेटू पुढच्या व्हिडिओत!