अंगावरून वारें जातें तेव्हां

अर्धांगवायूला आपल्या भाषेंत 'अंगावरून वारें जाणें' म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'लकवा मारला' असें कानीं पडतें. दोन्ही शब्दप्रयोग लक्ष अंगाकडे नेतात. म्हणूनच लुळा पडलेला हात चोळण्यांत नि तेल जिरविण्यांत घरांतील चार माणसें गुंतून जातात. दुखणें असतें तें मस्तकांत.

या अरण्यप्रदेशांत माणसें हिवतापानें नि सर्पदंशानें मरतात, अशी आपली समजूत. गडचिरोलीजवळ शोधग्राम येथें डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तेथील मज्जातज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे व त्यांचे सहकारी यांनीं २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतील मृत्यूंचीं कारणें शोधलीं. १,५९९ मृत्यूंपैकीं २२९ अर्धांगवायूनें झालेले होते; दुसऱ्या कोणत्याहि एका कारणानें इतके बळी घेतले नव्हते. त्यांतले शेंकडा ८७ घरींच वारले.

मेंदू वजनानें देहाचा जेमतेम पन्नासावा भाग. परंतु विसाव्याच्या वेळींहि देहाला मिळणाऱ्या प्राणवायूचा पांचवा हिस्सा तो एकटाच घेतो. आणि साठवण म्हणाल तर कांहींच नाहीं! ज्या घरीं कणगी नाहीं, तेथें रोजचें धान्य न आल्यास चूल पेटत नाहीं, तशी त्याची स्थिति. रक्तवाहिनींत गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली, कीं तेथील पेशी कांहीं मिनिटांतच मरूं लागतात.

मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागांतून निघालेले आज्ञावाहक तंतू लंबमज्जेच्या तळाशीं बहुतांशीं उजवीकडे वळतात. उजव्या भागांतले डावीकडे. म्हणून इजा डावीकडे व लुळेपणा उजवीकडे, असा प्रकार होतो. वाणीचें केंद्रहि बहुतेकांच्या डाव्या भागांत असल्यामुळें उजव्या हाताबरोबर पुष्कळदां वाचाहि जाते. मौज अशी, कीं हाताचे स्नायू व त्यांना पोंचणारे मज्जातंतू शाबूत असतात. कांहीं दिवसांनीं गुडघ्याखालीं हलकेंच ठोकलें, तर लुळा पायच अधिक जोरानें उडतो! पृष्ठरज्जूचें काम चालूच असतें. त्याला आंवरणारा वरचा धनी तेवढा गप्प झालेला असतो.

तोंड एकाएकीं वांकडें होणें, हात उचलतांना खालीं पडणें, बोबडी वळणें, यांपैकीं एक जरी दिसलें तरी वेळ पाहून ठेवावी व १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें, तेंहि सी. टी. स्कॅननें रक्तस्राव नाहीं अशी खात्री झाल्यावर. यास्तव रक्त पातळ करणारी गोळी घरीं देऊं नये. गिळण्याची शक्ति गेलेली असूं शकते, म्हणून मायेपोटीं पाजलेलें पाणीहि श्वासनलिकेंत जावयाचें.

एटापल्ली-भामरागडच्या एखाद्या पाड्यावरून असें यंत्र असलेल्या रुग्णालयापर्यंत पोंचावयास साडेचार तास पुरतीलच असें नाहीं. तेथें खरी मदार आधींच रक्तदाब मोजण्यावर. वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं नि खुपत नाहीं. दंडाला पट्टा बांधल्यावांचून तो कळत नाहीं. गोळी मिळाली, बरें वाटलें, म्हणून ती सोडणारे मात्र शिकल्यासवरल्या घरांतहि आढळतात, आणि पानांतलें लोणचें-पापड कमी करण्याची गोष्ट काढली कीं वडीलधारी मंडळी रुसतात. तिकडे खेड्यांत खर्रा सुटत नाहीं.