भाजीलाही सोंग घेऊ द्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४ साली एक गंमत झाली. ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली. आमच्या मुलुंडच्या घरी पहाटे अभ्यंगस्नान झालं आणि नातीनं दारात डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं. नात तेव्हा सात वर्षांची होती. "आजी, एवढंसं हे फळ आणि हा म्हणे राक्षस?" तिनं विचारलं. "आजच्या दिवस तो नरकासुर," मी म्हटलं. तिला ते लगेच पटलं. दुसरं कारीट मिळेल का, म्हणून ती मागेच लागली.

संध्याकाळी तीच नात काळा झगा आणि पुठ्ठ्याची टोकदार टोपी घालून, सोसायटीतल्या दहा-बारा मुलांबरोबर घरोघरी बेल वाजवत हिंडली. त्या दिवशी हॅलोविनही होता ना! अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, मोठमोठ्या सोसायट्यांत आता हा सण मुलांनी आपलासा केला आहे. 'ऐन दिवाळीत ही भुतंखेतं कशाला?' अशी कुरकुर आमच्या जिन्यातही झाली. मला त्याचं काही वाटलं नाही. मुलांना सोंग घ्यायला आवडतं, ती घेणारच. मला धसका बसला तो रात्री, तिनं पिशवी पलंगावर उपडी केली तेव्हा. चॉकलेटं, गोळ्या, जेली, क्रीमची बिस्किटं! घरात फराळाचे डबे भरलेले होतेच, त्यात ही भर.

आता थोडा हिशेब सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की दिवसभरात वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगलं. दिवसाला दीड हजार कॅलरी लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे साधारण ३७ ग्रॅम साखर, चहाचे आठ-नऊ चमचे. सकाळचं दूध, डब्यातला जॅम आणि संध्याकाळचं बिस्किट यांतच त्यातला बराच वाटा संपतो. भाजीचं मात्र उलट. तिथं आपण कमी पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. मुलांना त्याहून कमी लागतील. पण आमच्या नातीच्या पोटात तेव्हा बटाटा सोडला तर मूठभरही भाजी जात नव्हती.

आणि याला थोडीफार मीच कारणीभूत होते, हे आज कबूल करते. ती पाच वर्षांची असताना मी एक युक्ती काढली होती. दुधी किसून कणकेत मळायचा, पालक वाटून डोशात घालायचा आणि वर विचारलं तर म्हणायचं, "छे गं, यात काही नाही." सहा महिने हे बिनबोभाट चाललं. एक दिवस पराठ्यात दुधीची शीर तिच्या दाताखाली आली. तिनं घास बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, तू खोटं बोललीस." त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती प्रत्येक पराठा उलगडून, उजेडात धरून बघत असे. भाजी तर गेलीच, पण पराठाही गेला आणि माझ्यावरचा विश्वासही.

त्या रात्री पिशवीतली चॉकलेटं डब्यात भरताना मला सकाळचं कारीट आठवलं. ते फळ आहे हे तिला ठाऊक होतं. तरी तो नरकासुर आहे हेही तिनं आनंदानं मान्य केलं. तिला कुणी फसवलं नव्हतं. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, त्यात मुखवट्याआड आपलाच शेजारी आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं, तरी लोक त्या सोंगापुढे हात जोडतात. लपवाछपवी वेगळी आणि सोंग वेगळं. लपवण्यात एकाला ठाऊक असतं, दुसऱ्याला नसतं. सोंग दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून त्यात मजा असते. तेव्हा भाजी लपवू नका, तिला सोंग द्या, आणि ते सोंग मुलांच्याच हातानं चढवू द्या. माझं आजचं सांगणं एवढंच आहे.

खरं तर हॅलोविन हा सणच भाजीच्या सोंगाचा आहे. आयर्लंडमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये पूर्वी सुगी संपताना, हिवाळ्याच्या तोंडावर मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी समजूत होती. तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत आणि वाईट शक्तींना पळवून लावत. पुढे ही मंडळी अमेरिकेत गेली. तिथं त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा असा लाल भोपळा मिळाला. ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर सर्व मृतांचा. आपल्या मरोळ-आंबोलीचे किंवा बोरिवलीच्या आयसी कॉलनीतले ख्रिस्ती शेजारी त्या दिवशी दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतात. भुतांच्या या गमतीमागे गेलेल्यांची आठवण आहे.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? पितृपक्षाच्या पानावर लाल भोपळा आणि गवार असतेच. हा भोपळा मूळचा अमेरिकेचाच, युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे आला आणि श्राद्धाच्या पानापर्यंत पोचला. बंगालात तर आपल्या नरकचतुर्दशीच्या तिथीला 'भूत चतुर्दशी' म्हणतात. त्या दिवशी चौदा दिवे लावायचे आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खायच्या, अशी तिथली रीत. भुतांचा दिवस आणि ताटात भाज्याच भाज्या! मग आपल्याला कोण अडवतंय?

आणखी एक धागा घरचाच आहे. आश्विनात भोंडल्याला मुली घरोघरी जायच्या, फेर धरायच्या, आणि शेवटी खिरापत ओळखायची असायची. डब्यावरचं झाकण निघेपर्यंत केवढा कल्ला! न ओळखता येणारी खिरापत करणारी आई सगळ्यांत हुशार. हॅलोविनला मुलं दारात येतात तेव्हा हाच खेळ खेळता येतो. 'यात कोणती भाजी आहे, ओळखा पाहू.' शेवटी नाव मात्र मोठ्यानं सांगायचं. नाव सांगितलं की लपवाछपवी उरत नाही.

२०२५ मध्ये दिवाळी आधीच आटोपली होती आणि ३१ ऑक्टोबरला शुक्रवार होता. शाळेतून आल्यावर आमच्या मजल्यावरची पाच मुलं मी स्वयंपाकघरात घेतली. काय काय केलं, ते मापासकट सांगते.

पहिलं, मुखवट्याचं थालीपीठ. थालीपिठाला आपण तेल सोडायला भोकं पाडतोच. तीच भोकं दोन डोळे, नाक आणि हसरं तोंड अशी पाडायची. दोन वाट्या भाजणीला एक वाटी किसलेला लाल भोपळा, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट आणि मीठ. भोपळ्याला मिठानं पाणी सुटतं, म्हणून आधी पाणी घालू नका. किसातच भाजणी कालवा आणि लागलं तरच पाण्याचा हात लावा. ओल्या फडक्यावर थापायचं काम मुलांचं, तव्यावर टाकायचं काम आपलं. भोपळ्याच्या केशरी रंगात शरीराला 'अ' जीवनसत्त्व करून देणारं द्रव्य असतं. ते अंगी लागायला थोडं तेल किंवा तूप लागतं, तेव्हा भोकांत सोडलेलं चमचाभर तेल वाया जात नाही.

दुसरं, चेटकिणीची बोटं. म्हणजे भरली भेंडी! कोवळी, लांब भेंडी धुऊन अगदी कोरडी पुसा, नाहीतर चिकट होते. चिरून आत दाण्याचं कूट, तीळ, धने-जिऱ्याची पूड, आमचूर, तिखट-मीठ भरा. मंद आचेवर, झाकण न ठेवता परता. वाफवलेल्या बिटाचे नखाएवढे पातळ काप करून टोकाला चिकटवा. लालभडक नखं बघून मुली किंचाळल्याच, आणि नखं लावायला चौघींची झुंबड उडाली.

तिसरा, पडवळाचा साप. पडवळाला सोंगाची फारशी गरजच नाही. त्याचे दीड-दीड इंचाचे तुकडे करून बिया काढा, मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ हिरवी मिरची आणि आलं घालून भरड वाटा, पोकळीत भरा आणि पंधरा मिनिटं वाफवा. मग ताटात वळणं घेत मांडा. निमुळतं टोक म्हणजे डोकं, गाजराची दुभंगलेली जीभ, दोन मिऱ्यांचे डोळे. वाढताना मिरी काढून टाका. लहान मुलं असतील तर अख्खे शेंगदाणेसुद्धा सजावटीला वापरू नका, घशात अडकतात.

चौथे, छोटे कंदील. आख्खा भोपळा कोरायचा हट्ट धरू नका. आपल्या बाजारातला भोपळा जड आणि जाड सालीचा असतो, सुरी सटकते. शिवाय आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात कोरलेला भोपळा दुसऱ्या दिवशीच वास मारू लागतो. कोरायचाच असेल तर मोठ्यांनी कोरावा, आतला गर त्याच संध्याकाळी घारग्यांना किंवा भरताला वापरावा आणि बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजाव्यात. मुलांसाठी मात्र आपल्या भाषेनंच सोय केली आहे. ढोबळ्या मिरचीला आपण भोपळी मिरचीही म्हणतोच ना! तिचं देठाकडचं झाकण कापून टोपीसारखं बाजूला ठेवा, बिया काढा, डोळे आणि तोंड कोरा. आत मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भात भरा. कढईत अगदी थोडं पाणी घालून सात-आठ मिनिटं वाफवा. जास्त शिजली तर चेहरा बसतो.

सोबत दह्यातली बिटाची कोशिंबीर. पांढरं दही बघता बघता गुलाबी होतं, ही जादू मुलांनाच ढवळून करू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीला गुलाबी छटा दिसली तर घाबरू नका, बिटाचाच रंग तो.

आता निकाल सांगते. सगळं फस्त झालं असं सांगितलं, तर मी पुन्हा खोटं बोलल्यासारखं होईल. भेंडी संपली. थालीपिठं कमी पडली. मिरच्यांतली उसळ खाल्ली गेली, पण निम्म्या मुखवट्यांचे चेहरे ताटातच राहिले. सापाला सगळ्यांनी हात लावला, दोघांनी चाखला आणि उरलेला आम्ही मोठ्यांनी रात्री खाल्ला. नातीनं पडवळाचा तुकडा जिभेला लावून परत ठेवला. मी काही बोलले नाही. नवी चव मुलांच्या अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती पुढ्यात यावी लागते, असं आहारतज्ज्ञ सांगतात. त्यातली ही पहिली वेळ, एवढंच. जबरदस्ती केली असती, तर तीच शेवटची ठरली असती.

खालच्या मजल्यांवरची मुलं बेल वाजवत आली तेव्हा दार नातीनंच उघडलं. एका हातात चेटकिणीच्या बोटांची थाळी. "आधी ओळखायचं, मग घ्यायचं," तिनं दरडावलं. कुणी म्हणालं मिरची, कुणी म्हणालं घेवडा. शेवटी तीच ओरडली, "भेंडी आहे, भेंडी! आजीनं केली, नखं मी लावली." चॉकलेटंही होतीच. प्रत्येकाला एक, मोजून. सण म्हटला की गोड हवंच, त्यावर माझा राग नाही.

त्यानंतर आठवड्यानं मी दुधीचा पराठा केला. कणीक मळताना तिला हाक मारली, "ये, किसून दे." तिनं दुधी किसला, नाक मुरडलं आणि पराठा वाढल्यावर तो न उलगडता अर्धा खाल्ला. अर्धाच. पण उजेडात धरून बघितला नाही, आणि माझ्या दृष्टीनं तेवढंही पुष्कळ होतं.

तुमच्याही दारावर यंदा बेल वाजेल. चॉकलेटांच्या पाकिटाबरोबर पावशेर भेंडी आणि भोपळ्याची एक फोड आणून ठेवा. आणि मुलांनी विचारलंच, "यात काय आहे?" तर खरं उत्तर द्या.