ॲट्रोपिनची मात्रा आणि सिस्टरची नजर

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. त्यांतले वीसहून अधिक दगावले. त्यानंतर कीटकनाशकांच्या विक्रीवर, बियाण्यांवर, चौकशीवर भरपूर चर्चा झाली. अशा रुग्णांच्या उशाशी रात्र काढणाऱ्या परिचारिकांचा विषय मात्र त्या चर्चेत मागेच राहिला. वास्तविक या विषबाधेत औषधाची, म्हणजे ॲट्रोपिनची, मात्रा केसपेपरवर एकदा लिहून भागत नाही. ती खाटेजवळ, दर पाच मिनिटांनी रुग्णाकडे बघून ठरवावी लागते आणि बघणारी नजर बहुतेक वेळा सिस्टरची असते. ॲट्रोपिन शरीरातल्या ज्या यंत्रणेवर काम करतं, तिच्यावरच्या इतर औषधांनाही हे कमीअधिक प्रमाणात लागू आहे. म्हणून हा आढावा.

ओला रुग्ण, कोरडा रुग्ण

ऑटो लोवी यांनी 1921 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस चेतवली, तसं ते हृदय मंदावलं. त्यातलं द्रावण दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिल्यावर तेही मंदावलं. नस आपला निरोप रसायनाच्या हाती धाडते, हे त्यातून दिसलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. या क्षेत्रातल्या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना 1936 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

लाळ, अश्रू, घाम, श्वासनलिकांतला स्राव, आतड्यांची हालचाल, लघवी, डोळ्यांच्या बाहुल्या, हृदयाची गती, स्नायूंचं बळ, मेंदूतली स्मरणशक्ती, इतक्या ठिकाणी ॲसिटिलकोलिनचा हात असतो. काम झालं की कोलिनएस्टरेज नावाचं विकर त्याची विल्हेवाट लावतं. या यंत्रणेवरची औषधं दोन जातींची: ॲसिटिलकोलिनचा जोर वाढवणारी आणि तो अडवणारी. जोर वाढला की रुग्ण ओला होतो. लाळ गळते, घाम सुटतो, छाती भरते, उलट्या-जुलाब होतात, नाडी मंदावते. जोर अडला की तो कोरडा पडतो. तोंडाला कोरड, अंग तापलेलं, लघवी अडलेली, पोट फुगलेलं, डोकं भ्रमिष्ट. रुग्ण यातल्या कोणत्या बाजूला झुकतोय हे वेळेत ओळखणं, हा या शुश्रूषेचा गाभा.

पहिला तास

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं कोलिनएस्टरेजलाच निकामी करतात. ॲसिटिलकोलिन साचत जातं आणि माणूस स्वतःच्याच स्रावात गुदमरू लागतो. ‘फवारताना चक्कर आली’ किंवा ‘औषध प्यायलाय’ म्हणत नातेवाईक येतात, तेव्हा त्यांचा एकच धोशा असतो: ‘आधी नळी टाका, पोट धुवा.’ पण पोट धुण्याचा उपयोग झालाच तर विष पोटात गेल्यापासून पहिल्या तासा-दोन तासांत, आणि तोही श्वासमार्ग सुरक्षित असेल तरच. नाहीतर पोटातलं सगळं फुप्फुसात उतरतं.

आधी रुग्णाला डाव्या कुशीवर घ्यायचं, सक्शनने तोंड-घसा मोकळा करायचा, ऑक्सिजन लावायचा, शिरेत सुई घालायची. दुसरीकडे हातमोजे घालून कपडे उतरवायचे, अंग साबणपाण्याने धुवायचं. केस, नखं, कानामागची जागा विसरायची नाही. चामड्याच्या चपला आणि पट्टा टाकूनच द्यायचा, कारण चामड्यात मुरलेलं विष धुऊन जात नाही. हे काम करणाऱ्या मावशी-मामांनाही हातमोजे मिळालेत का, हे सिस्टरनेच बघायचं.

मग ॲसिटिलकोलिनचा जोर अडवणारं ॲट्रोपिन. आपल्याकडच्या नेहमीच्या ॲम्प्युलमध्ये ते 0.6 मिलिग्रॅम असतं. सुरुवात साधारण तीन ॲम्प्युलपासून होते. पाच मिनिटांनी रुग्ण तपासायचा. सुधारणा नसेल तर मात्रा दुप्पट. तीन, मग सहा, मग बारा, मग चोवीस. म्हणजे पंधरा मिनिटांत पंचेचाळीस ॲम्प्युल फोडून, ओढून, टोचून झाल्या आणि 27 मिलिग्रॅम औषध गेलं. एकटीच्या हातून हे होत नाही. एकीने ॲम्प्युल फोडायच्या, दुसरीने द्यायचं आणि वेळ लिहायची, तिसऱ्याने छाती ऐकायची.

थांबायचं कुठे, याच्या पाच खुणा आहेत: छातीतला बुडबुडा आणि घरघर गेली, नाडी 80 च्या वर, वरचं बीपी 80 च्या वर, काख कोरडी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिल्या नाहीत. काखेत हात घालून घाम बघायला कसलंही यंत्र लागत नाही, पण तो हात दर पाच मिनिटांनी जावा लागतो. खुणांनाही फसव्या बाजू आहेत. विष डोळ्यात उडालं असेल तर बाहुली बराच काळ बारीकच राहते. उलटी फुप्फुसात गेली असेल तर एका बाजूचा आवाज ॲट्रोपिनने जात नाही. खुणा जमल्यावर लागलेल्या एकूण औषधाच्या 10 ते 20 टक्के मात्रा दर तासाला सलाईनमधून चालू ठेवतात. 27 मिलिग्रॅम लागलं असेल तर तासाला सुमारे 3 ते 5.

या पद्धतीला चांगला आधार आहे. बांगलादेशातल्या चित्तगाँगच्या रुग्णांवरचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. ठरावीक मात्रा ठरावीक वेळाने देण्याच्या जुन्या रीतीत 22.5 टक्के रुग्ण दगावले. मात्रा दुप्पट करत नेऊन मग सलग औषध दिलेल्या गटात 8 टक्के. औषध दोन्हीकडे ॲट्रोपिनच होतं. फरक देण्याच्या रीतीत होता, आणि ही रीत परिचारिकेच्या हातांवर चालते.

दुसरं औषध प्रॅलिडॉक्सिम, वॉर्डाच्या भाषेत ‘पॅम’. बारामतीत झालेला त्यावरचा अभ्यास 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, सलग मोठ्या मात्रेत दिल्यास रुग्णांना फायदा होतो, असं त्यात दिसलं. श्रीलंकेतल्या 2009 च्या अभ्यासात तो फायदा दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. खाटेजवळचा नियम मात्र पक्का आहे: पॅम अर्ध्या तासात सावकाश द्यायचं. घाईने दिलं तर उलटी होते, नाडी आणि बीपी चढतं.

धोत्र्याची बाजू

ॲट्रोपिन जास्त झालं की रुग्ण धोत्र्याच्या बिया खाल्ल्यासारखा दिसतो, आणि त्यात नवल नाही. धोत्र्यातही ॲट्रोपिन आणि त्याचं भावंड स्कोपोलामिन असतं. अंग तापतं, चेहरा लाल होतो, रुग्ण हवेत काहीतरी पकडू लागतो, चादर ओढतो, माणूस ओळखत नाही. अशा वेळी ‘त्रास देतोय’ म्हणून हात बांधण्याआधी पोटाला हात लावावा. मूत्राशय तट्ट भरलेलं असतं आणि कॅथेटर घातल्यावर कित्येकदा निम्मा धिंगाणा थांबतो. आतड्यांचा आवाज बंद, ताप आणि बरळणं असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना बोलावायचं, ॲट्रोपिनची सलाईन थांबवायची. लक्षणं ओसरल्यावर कमी वेगाने पुन्हा चालू करतात. वैशाख वणव्यात हे आणखी जिवावरचं ठरतं, कारण घाम न येणारं शरीर उष्णता टाकणार कुठे?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण शुद्धीवर येतो, चहा मागतो, नातेवाईक डिस्चार्जचं विचारू लागतात. नेमका हाच काळ दगा देतो. श्रीलंकेच्या सेनानायके आणि करालियेद्दे या डॉक्टरांनी 1987 साली याचं वर्णन केलं: विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. यावर ॲट्रोपिनचा उपयोग नाही. वेळेवर व्हेंटिलेटर मिळाला तर माणूस वाचतो. परीक्षा साधी आहे. उशीवरून डोकं उचलायला सांगा. एका श्वासात आकडे मोजायला सांगा. सकाळी वीसपर्यंत मोजणारा दुपारी दहावर थांबला, तर तो आकडा चार्टवर हवा आणि ड्यूटी बदलताना ‘ओव्हर’मध्ये तोंडीही सांगायला हवा.

ओला दिसणारा प्रत्येक रुग्ण ॲट्रोपिनचा नसतो, हेही कोकणातल्या सिस्टरांना ठाऊक असतं. विंचू चावल्यावर घाम सुटतो, लाळ गळते, पण तिथे ॲट्रोपिन हृदयावरचा ताण वाढवतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यासाठी प्राझोसिनचा मार्ग दाखवला.

घड्याळ आणि गोळी

मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात स्नायूंपर्यंत ॲसिटिलकोलिनचा निरोप नीट पोचत नाही. लंडनच्या ग्रिनिचमधल्या डॉ. मेरी वॉकर यांनी 1934 साली अशा रुग्णाला फायसोस्टिग्मिन दिलं आणि मिटलेल्या पापण्या उघडल्या. आज ॲसिटिलकोलिनचा जोर वाढवणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या देतात. इथे वॉर्डाच्या औषधवाटपाची वेळ कामाची नाही, रुग्णाची वेळ पाळायची. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी गेली तर गिळायला बळ येतं. उशीर झाला तर घास घशात अडकतो. अचानक अशक्तपणा वाढला तर औषध कमी पडलं की जास्त झालं, हे लाळ, घाम आणि पोटातल्या कळांवरून पडताळतात. ही नोंद सिस्टरकडेच असते.

स्मृतिभ्रंशावरची डोनेपेझिल आणि रिव्हास्टिग्मिन घरोघरी पोचली आहेत. ती ॲसिटिलकोलिनचा जोर वाढवतात, म्हणून भूक मंदावते, वजन उतरतं, नाडी मंद होऊन आजोबा बाथरूममध्ये कोसळू शकतात. महिन्याला वजन आणि अधूनमधून नाडी बघणं एवढं घरच्यांना शिकवावं. रिव्हास्टिग्मिनची चिकटपट्टी रोज नव्या जागी लावायची आणि जुनी आधी काढायची. दोन पट्ट्या अंगावर राहिल्या तर औषध दुप्पट जातं.

याच आजोबांना सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, पोटदुखीसाठी डायसायक्लोमिन, वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन सुरू असतं, बहुधा तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून. ही तिन्ही ॲसिटिलकोलिन अडवणारी. एक गोळी पुढे ढकलते, तीन मागे ओढतात. मग बद्धकोष्ठ, लघवी अडणं, रात्री भ्रम, पडणं, खुब्याचं हाड मोडणं, आणि सगळ्याचं खापर ‘वय झालं’वर. गोळ्यांची पिशवी खाटेवर उलटी करून एकेक नाव वाचणारी सिस्टर इथे मोठं काम करून जाते.

आता थोडं मागणं. फवारणीच्या हंगामात तालुक्याच्या दवाखान्यात ॲट्रोपिनचा साठा, चालू सक्शन, खाटेशी टांगलेला पाच खुणांचा चार्ट आणि रात्रपाळीला पुरेसे हात, एवढं असलंच पाहिजे. तीस खाटांमागे एक सिस्टर ठेवून दर पाच मिनिटांची तपासणी मागणं ही फसवणूक आहे. विष पिऊन आलेल्या माणसाला टोमणे मारू नयेत. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा धरून चालतो. डिस्चार्जच्या कागदावर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक लिहून द्यावा. आणि वाचकहो, विषबाधेचा रुग्ण नेताना कीटकनाशकाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, म्हाताऱ्या माणसाला नेताना त्याच्या सगळ्या गोळ्या न्या, आणि दोन्ही सिस्टरच्या हातात द्या.