गणिताचा प्राध्यापक, प्राचार्याची खुर्ची

दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिलेच भारतीय. वाटा अनेक मोकळ्या होत्या. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला शब्द पाळून, तुटपुंज्या वेतनावर ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला परतले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. पुढची सुमारे दोन दशके संस्थेच्या व्यापात गेली. नवे गणित घडवण्याची उमेद त्यात मागे पडली, असे मला वाटते.

त्यांची खरी कसोटी १९०५ मध्ये लागली. विदेशी कापडाच्या होळीबद्दल त्यांनी विनायक सावरकरांना दहा रुपये दंड केला व वसतिगृहाबाहेर काढले. ‘केसरी’तून टिळकांनी त्यांच्यावर झोड उठवली. गंमत अशी, की टिळकही एकेकाळी याच कॉलेजात गणित शिकवत! प्राचार्यांना सरकारी मान्यता सांभाळायची होती, हे खरे; तरी ही शिक्षा कठोरच होती. पुढे ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री आणि १९५६ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. लोकांच्या तोंडी मात्र ते अखेरपर्यंत ‘रँग्लर’च राहिले.